सुपरव्हिजनचा तास सत्कारणी कसा लावावा: प्रशिक्षणार्थी थेरपिस्टसाठी सविस्तर मार्गदर्शन

पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. करणारे किंवा समुपदेशनाची पदविका घेणारे विद्यार्थी इंटर्नशिपला लागले की त्यांना पहिल्यांदा खरेखुरे क्लायंट भेटतात, आणि त्याच सुमारास त्यांचे सुपरव्हिजनही सुरू होते, म्हणजे अनुभवी थेरपिस्टबरोबर (सुपरव्हायझर) स्वतःच्या सेशन्सवर नियमित चर्चा. सेशनची तयारी बहुतेक जण मन लावून करतात. सुपरव्हिजनला मात्र पुष्कळ जण नुसते हजर राहतात. आठवड्याभरातल्या केसेस एकामागून एक सांगितल्या जातात, क्लायंटच्या सासूपासून ऑफिसातल्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांची माहिती दिली जाते, शेवटच्या दहा मिनिटांत सुपरव्हायझर मॅडम दोन-तीन सूचना करतात, त्या वहीत उतरवल्या जातात आणि तासांच्या नोंदवहीवर सही होते. असा तास कागदोपत्री भरतो, पण तो सगळा क्लायंटच्या कहाणीवर खर्च झालेला असतो. त्या खोलीत थेरपिस्टने काय केले, काय टाळले आणि का टाळले, याला हात लागतच नाही. पुढच्या पायऱ्या याच दुसऱ्या गोष्टीकडे तास वळवण्यासाठी आहेत.

सुपरव्हिजनकडून नेमके काय मागायचे

प्रशिक्षणार्थ्याने अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली रुग्ण पाहावेत, ही पद्धत शिस्तीने रुजली ती बर्लिनमध्ये. मनोविश्लेषक मॅक्स आयटिंगॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० मध्ये तिथे मनोविश्लेषणाचे (फ्रॉइडप्रणीत उपचारपद्धतीचे) चिकित्सालय उघडले आणि प्रशिक्षणाचे तीन भाग ठरत गेले: स्वतःचे विश्लेषण, सैद्धांतिक अभ्यास आणि देखरेखीखालचे काम. आज आपल्याकडचे अभ्यासक्रम मनोविश्लेषणापासून कितीही दूर गेले असले तरी सांगाडा साधारण तोच आहे. फरक इतकाच की अभ्यासाला वर्ग आणि परीक्षा असतात, तर सुपरव्हिजन बऱ्याचदा समोरच्या दोन माणसांच्या मर्जीवर चालते.

ब्रिजिड प्रॉक्टर यांनी सुपरव्हिजनची तीन कामे सांगितली आहेत. पहिले, काम नीतिनियमांना धरून आणि क्लायंटला सुरक्षित राहील असे होते आहे ना, हे पाहणे. दुसरे, थेरपिस्टचे कौशल्य वाढवणे. तिसरे, दुसऱ्याचे दुःख रोज ऐकणाऱ्या माणसाला आधार देणे. प्रशिक्षणार्थी दुसऱ्या कामाच्या अपेक्षेने येतो, संस्थेला पहिल्याची काळजी असते आणि तिसरे दोघेही विसरतात. जॅनीन बर्नार्ड यांनी १९७९ मध्ये मांडलेले प्रारूप रोजच्या वापराला आणखी सोयीचे आहे. त्यानुसार सुपरव्हायझर कधी शिक्षकाच्या, कधी समुपदेशकाच्या, तर कधी बरोबरीच्या सल्लागाराच्या भूमिकेतून बोलतो. याचा उपयोग अगदी साधा आहे: तासाच्या सुरुवातीलाच आज कोणती भूमिका हवी ते सांगावे. ‘पॅनिक ॲटॅकसाठी एक्स्पोजर (भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे नेणे) कसे आखायचे हे मला येत नाही, ते शिकवा’ आणि ‘या क्लायंटनंतर मी घरी जाऊन चिडचिड करते, ते समजून घ्यायचे आहे’ या दोन मागण्यांना दोन वेगळे तास लागतात. मागणी स्पष्ट नसेल तर सुपरव्हायझर स्वतःला सवयीच्या असलेल्या भूमिकेत शिरतात, आणि आपल्याकडे ती बहुधा शिक्षकाची असते.

पहिल्या भेटीत ठरवून घ्यायच्या गोष्टी

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते, आणि त्यासाठीच्या अभ्यासक्रमांत देखरेखीखालचे काम आखूनच दिलेले असते. समुपदेशनाच्या इतर अनेक अभ्यासक्रमांत मात्र सुपरव्हिजन किती आणि कसे मिळेल, हे संस्थेगणिक बदलते. म्हणून काम सुरू होण्याआधी काही गोष्टी विचारून, शक्य झाल्यास एका पानावर लिहून, दोघांनी त्यावर सही करून ठेवाव्यात. हे विचारणे उद्धटपणाचे वाटेल अशी भीती विद्यार्थ्यांना असते. चांगल्या सुपरव्हायझरला उलट हायसे वाटते.

आठवड्यातून किती वेळ, कुठे आणि ऑनलाइन की प्रत्यक्ष, हे आधी ठरवावे. हिंजवडीत सेशन घेऊन कोथरूडला सुपरव्हिजनला पोहोचायचे असेल तर संध्याकाळचा प्रवास धरूनच वेळ घ्यावी, कारण पंधरा मिनिटे उशीर म्हणजे तासाचा चौथा हिस्सा गेला. शुल्क असेल तर किती आणि भेट रद्द झाल्यास काय, हेही तेव्हाच बोलून घ्यावे. सुपरव्हायझर कोणत्या पद्धतीने काम करतात, म्हणजे सीबीटी (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर), आरईबीटी (अविवेकी समजुती तपासण्यावर भर), मनोगतिक (नकळत चालणाऱ्या मनोव्यापारांवर भर), कुटुंबाधारित की आणखी काही, हे माहीत असले म्हणजे त्यांचे प्रश्न कुठून येतात ते कळते.

यापेक्षा महत्त्वाचे तीन मुद्दे सहसा राहून जातात. एक, मूल्यमापन कोण करणार? जी व्यक्ती सुपरव्हिजन देते तीच इंटर्नशिपचे गुण देणार असेल, तर ती कशाच्या आधारावर गुण देणार आणि सुपरव्हिजनमध्ये प्रामाणिकपणे सांगितलेली चूक त्यात मोजली जाणार का, हे थेट विचारावे. दोन, इथे बोललेले पुढे कुणापर्यंत जाते? विभागप्रमुख, संस्थेचे समन्वयक, इतर शिक्षक यांच्यापैकी कुणाला काय सांगितले जाईल, याची मर्यादा आधीच आखून घ्यावी. तीन, अडीअडचणीला दोन भेटींच्या मध्ये फोन करायचा तर कुणाला, आणि त्यांनी उचलला नाही तर दुसऱ्या कुणाला? हे दुसरे नाव न घेता पहिल्या क्लायंटसमोर बसू नये.

याच वेळी क्लायंटच्या संमतिपत्राचाही मजकूर पाहून घ्यावा. आपण प्रशिक्षणार्थी आहोत आणि या सेशनबद्दल सुपरव्हायझरशी बोलले जाईल, हे क्लायंटला पहिल्याच भेटीत सांगणे आवश्यक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ ने गोपनीयता हा मानसिक आजार असलेल्या व्यक्तीचा हक्क मानला आहे आणि त्याचे अपवादही नेमके सांगितले आहेत. संमतिपत्र इंग्रजीत आणि क्लायंट मराठीत, अशी स्थिती पुण्यातल्या अनेक केंद्रांत दिसते. सही मिळते, पण संमती मिळालेली नसते. तीन वाक्ये तोंडी, क्लायंटच्या भाषेत सांगितली की काम होते: ‘मी अजून शिकते आहे. माझ्या कामावर एक अनुभवी थेरपिस्ट लक्ष ठेवतात. त्यांच्याशी मी आपल्या सेशनबद्दल बोलेन, पण तुमचं नाव आणि ओळख पटेल असं काही सांगणार नाही.’

नोंदी: त्याच दिवशी आणि ज्या भाषेत बोलले गेले त्याच भाषेत

केंद्राच्या फाइलमध्ये जाणारी नोंद आणि सुपरव्हिजनसाठीची नोंद या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फाइलमध्ये तारीख, मुख्य तक्रार, जोखमीची स्थिती, काय केले आणि पुढचे नियोजन एवढेच असावे. सुपरव्हिजनसाठीच्या नोंदीत काय बोलणे झाले, त्या वेळी आपल्या मनात काय आले आणि आपण काय बोलायचे गिळले, हे यावे. ही दुसरी नोंद नाव-गावाशिवाय लिहावी, कुलुपात ठेवावी आणि तिचे काम झाले की संस्थेच्या नियमाप्रमाणे नष्ट करावी.

सेशन संपल्यावर पंधरा मिनिटे तिथेच बसून लिहिणे आणि रात्री घरी जेवणानंतर लिहिणे यांत फार अंतर पडते. रात्रीपर्यंत मन गोष्ट नीट लावून टाकते, अडखळणे गाळते आणि आपण विचारलेला बावळट प्रश्न शहाणा करून टाकते. सगळे सेशन शब्दशः लिहिण्याची गरज नाही. जिथे काहीतरी अडले, अचानक विषय बदलला, क्लायंट गप्प झाला किंवा आपण भराभर बोलू लागलो, अशी तीन-चार मिनिटे जशीच्या तशी उतरवावीत. सेशन मराठीत झाले असेल तर ती मराठीतच लिहावीत, मग सुपरव्हिजन इंग्रजीत का चालेना. सराईत इंग्रजीत केलेला सारांश ऐकायला बरा वाटतो, पण त्यात क्लायंटचा सूर उरत नाही.

उदाहरणासाठी एक रचलेली केस घेऊ. क्लायंट पंचविशीतला तरुण, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून एमपीएससीची तयारी करणारा, झोप लागत नाही म्हणून आलेला. प्रशिक्षणार्थी थेरपिस्टने चौथ्या सेशनमधला हा तुकडा लिहून आणला आहे.

क्लायंट: घरी फोन केला की वडील एवढंच विचारतात, जेवलास का. निकालाचं कुणी विचारतच नाही आता.
थेरपिस्ट: म्हणजे घरच्यांचा सपोर्ट आहे तुम्हाला.
क्लायंट: हो, तसा आहे.
(बराच वेळ शांतता. तो टेबलाच्या कडेकडे बघत होता.)
थेरपिस्ट: बरं, मग आपण अभ्यासाच्या वेळापत्रकाकडे वळू या का?

या पाच ओळींत तासभर पुरेल इतके काम आहे. ‘आता’ या शब्दात पूर्वी विचारत होते आणि मग सोडून दिले, हे तो सांगतो आहे. वडिलांचे न विचारणे त्याला माया वाटते की त्यांनी आपला नाद सोडला असे वाटते, हे आपल्याला माहीत नाही. थेरपिस्टने त्याच्या वतीने उत्तर ठरवून टाकले, त्याने शिष्टाचार म्हणून मान डोलावली, आणि शांतता असह्य झाल्यावर थेरपिस्ट वेळापत्रकाकडे पळाली. ‘क्लायंट एमपीएससी करतो, कौटुंबिक आधार चांगला, झोपेची तक्रार, वेळापत्रकावर काम केले’ या सारांशात यातले काहीही दिसले नसते. उलट सगळे छान चालले आहे असेच सुपरव्हायझरला वाटले असते.

प्रश्न घडवणे

सुपरव्हिजनची सगळी तयारी अखेर एका प्रश्नावर येऊन थांबते, म्हणून इथे वेळ घालवण्यात कंजुषी करू नये. बहुतेक प्रश्न पहिल्या खेपेला ‘क्लायंट खुलत नाही, काय करू?’ अशा स्वरूपात येतात. या प्रश्नाला कोणतेही उत्तर चालते, आणि म्हणून कोणतेच उपयोगी पडत नाही. शिवाय त्यात अडचण क्लायंटची आहे असे गृहीत धरलेले असते.

हाच प्रश्न घडवत जाऊ. प्रथम स्वतःला विचारावे की ‘खुलत नाही’ हे मला कोणत्या क्षणी वाटले. वरच्या केसमध्ये तो क्षण ‘हो, तसा आहे’ नंतरचा. मग विचारावे की त्या क्षणी मी काय केले: विषय बदलला. मग, ते करण्याआधी मला काय होत होते: छातीत दडपण आले, काहीतरी उपयोगाचे द्यायला हवे असे वाटले. आणि शेवटी, मला सुपरव्हायझरकडून काय हवे आहे: त्या जागी काय म्हणता आले असते, की मी तिथून का पळाले, की पुढच्या सेशनमध्ये तिथे परत कसे जायचे? ही तीन वेगळी उत्तरे आहेत. एवढे झाल्यावर प्रश्न असा होतो: ‘वडिलांबद्दल बोलून तो गप्प झाला आणि मी वेळापत्रकावर उडी मारली. माझा भाऊही हीच परीक्षा देतो आहे. त्या शांततेत मला जे झालं त्यात त्याचं किती आणि माझं किती, हे आज पाहायचं आहे. आणि जमल्यास पुढच्या वेळी तो विषय पुन्हा कसा काढायचा याचा सराव करायचा आहे.’

हा प्रश्न ऐकून सुपरव्हायझरला केसचा इतिहास विचारायची फारशी गरज उरत नाही. वय, तक्रार, कितवे सेशन आणि जोखीम आहे की नाही, एवढे दोन मिनिटांत सांगून थेट त्या तुकड्यावर जाता येते. एका तासाला एकच केस खोलात घ्यावी, असे माझे मत आहे. बाकीच्या केसेसवर सुरुवातीची पाच-सात मिनिटे धावती नजर टाकावी, तीही मुख्यतः कुठे जोखीम वाढली आहे का, हे पाहण्यासाठी. सहा केसेस दहा-दहा मिनिटे घेण्याचा मोह संस्थांना होतो, कारण नोंदवहीत आकडे छान दिसतात.

प्रश्नच सुचत नसेल तर तेही सांगण्यासारखे आहे. ज्या क्लायंटबद्दल आठवडाभर एकही प्रश्न पडला नाही, किंवा ज्याचे नाव सुपरव्हिजनच्या यादीत कधीच येत नाही, तो क्लायंट मुद्दाम पुढे घ्यावा. सगळ्यात आवडता क्लायंटही असाच सुटून जातो.

रेकॉर्डिंग

आपल्या आठवणीवर आधारलेली नोंद कितीही प्रामाणिक असली तरी ती आपलीच बाजू असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच सेशन ध्वनिमुद्रित करून अभ्यासायला सुरुवात केली, ती याच कारणाने. क्लायंटने लेखी संमती दिली असेल आणि संस्थेची परवानगी असेल, तर महिन्यातून एखादे सेशन ऑडिओ रेकॉर्ड करावे. संमती घेताना रेकॉर्डिंग कशासाठी, कोण ऐकणार, कधी पुसले जाणार आणि नाही म्हटले तरी सेवेत काही फरक पडणार नाही, या चारही गोष्टी सांगाव्यात. फाइल आपल्या रोजच्या फोनमध्ये आणि क्लाउडवर आपोआप चढणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नये, आणि व्हॉट्सॲपवरून सुपरव्हायझरला तर मुळीच पाठवू नये. संस्थेच्या उपकरणावर पासवर्ड लावून ठेवावी आणि ऐकून झाली की पुसावी.

आधी एकट्याने, इअरफोन लावून ऐकावे. स्वतःचा आवाज ऐकून पहिल्यांदा लाज वाटते. ती दोन-तीन खेपांत जाते. सुपरव्हिजनमध्ये तासभराचे रेकॉर्डिंग ऐकवायचे नसते. निवडलेली चार-पाच मिनिटे लावावीत आणि मधे थांबवत जावे. नॉर्मन केगन यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीत नेमके हेच केले जाते: थेरपिस्ट स्वतः रेकॉर्डिंग थांबवतो आणि त्या क्षणी मनात काय चालले होते, काय बोलावेसे वाटले, कशाची भीती वाटली, हे आठवून सांगतो. समोरचा फक्त विचारत राहतो, चूक-बरोबर ठरवत नाही. तुमचे सुपरव्हायझर ही पद्धत वापरत नसतील तर ‘मी थांबवत जाऊ का?’ एवढे विचारून सुरुवात करता येते.

प्रत्यक्ष तासात

बचाव करण्याची पहिली ऊर्मी सगळ्यांनाच येते. ‘हो, पण मी ते आधीच्या सेशनमध्ये विचारलं होतं’ हे वाक्य तोंडाशी आले की जरा थांबावे आणि सुपरव्हायझरने म्हटलेले आपल्या शब्दांत परत सांगावे. सूचना मिळाली की तिथेच करून पाहावी. ‘शांततेत थांबायला हवं होतं’ हे ऐकून मान डोलावणे सोपे असते. सुपरव्हायझरना क्लायंटच्या खुर्चीत बसवून तीस सेकंद खरोखर गप्प बसणे आणि मग ‘निकालाचं आता कुणी विचारत नाही, हे सांगताना काय झालं तुम्हाला?’ हे स्वतःच्या तोंडून म्हणून पाहणे अवघड असते. रोल-प्ले करताना हसू येते, संकोच वाटतो. तरीही तो करावा, कारण जे वाक्य एकदा तोंडातून निघाले आहे तेच सेशनमध्ये आठवते.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे. अमेरिकेतले मनोविश्लेषक हॅरोल्ड सर्ल्स यांनी १९५५ मध्ये दाखवून दिले की थेरपीत जे चालले आहे त्याचे प्रतिबिंब नकळत सुपरव्हिजनच्या नात्यातही पडते. आपल्या उदाहरणातली प्रशिक्षणार्थी सुपरव्हायझरला म्हणते, ‘तसं ठीक चाललंय’, थोडी गप्प होते, आणि सुपरव्हायझर ‘बरं, मग पुढची केस?’ म्हणतात. म्हणजे त्या तरुणाच्या बाबतीत जे घडले तेच इथे घडले. कुणा एकाला हे दिसले आणि त्याने बोलून दाखवले, तर क्लायंटला त्या शांततेत कसे वाटले असेल याचा अंदाज दोघांनाही आपोआप येतो. मात्र प्रत्येक गोष्टीत प्रतिबिंब शोधण्याची हौस वाढू देऊ नये; कधी कधी सुपरव्हायझरना खरोखरच उशीर झालेला असतो.

जे सांगावेसे वाटत नाही ते

निकोलस लदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जवळजवळ सर्वच प्रशिक्षणार्थ्यांनी सुपरव्हायझरपासून काही ना काही लपवल्याचे सांगितले, आणि सर्वांत जास्त लपवली गेलेली गोष्ट होती खुद्द सुपरव्हायझरबद्दलची नाराजी. तो अभ्यास अमेरिकेतला. आपल्याकडे समोर सर किंवा मॅडम असतात, बहुधा त्यांनीच आपल्याला वर्गात शिकवलेले असते आणि शिफारसपत्रही त्यांच्याकडूनच घ्यायचे असते. तेव्हा इथे हे प्रमाण कमी असेल असे मानायला काही कारण नाही.

सगळेच सांगायला हवे असे नाही. कसोटी एकच ठेवावी: ही गोष्ट न सांगितल्याने क्लायंटच्या कामावर परिणाम होतो का? सेशन वीस मिनिटे लांबवले, क्लायंटला स्वतःचा फोन नंबर दिला, त्याच्या इन्स्टाग्रामवर जाऊन पाहिले, त्याच्याबद्दल आकर्षण वाटले, त्याचा राग आला, सेशनमध्ये डुलकी लागत होती, क्लायंट येणार नाही असे कळल्यावर बरे वाटले. हे सगळे सांगायलाच हवे. एकदम जमत नसेल तर आधी अडचणीबद्दल बोलावे: ‘एक गोष्ट सांगायची आहे, पण तुम्हाला काय वाटेल याची धास्ती आहे.’ एवढे म्हटल्यावर सुपरव्हायझर कसे वागतात, यावरून पुढचे सांगायचे की नाही ते ठरवता येते.

मतभेद असेल तर तो क्लायंटच्या संदर्भात मांडावा. ‘मॅडम, मला हे पटत नाही’ म्हणणे जड जाते. ‘मॅडम, तुम्ही म्हणता तसं विवाहाचा विषय आत्ता काढला तर ती पुढच्या वेळी येणार नाही अशी मला भीती वाटते, आपण दोन्ही बाजूंनी विचार करू या का?’ हे आदर राखून म्हणता येते. सुपरव्हायझरना सेशन दिसलेले नसते. तुम्हाला दिसलेले असते. तुमच्याकडे ती माहिती आहे, म्हणून ती मांडणे हे तुमचे काम आहे. पण सुपरव्हायझर वारंवार भेट रद्द करत असतील, क्लायंटची टिंगल करत असतील, जातीवरून किंवा लैंगिकतेवरून शेरे मारत असतील, किंवा तुमच्याशीच गैर वागत असतील, तर तो मतभेद नव्हे. तारीखवार लिहून ठेवावे आणि अभ्यासक्रमाच्या समन्वयकांकडे जावे. लैंगिक छळाच्या बाबतीत संस्थेच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जावे.

जोखीम दिसली तर पुढच्या तासाची वाट पाहू नये

त्या तरुणाने पाचव्या सेशनमध्ये उठता उठता म्हटले, ‘या वेळी नाही झालं तर गावाला परत तोंड दाखवणार नाही.’ पुढचे सुपरव्हिजन पाच दिवसांनी आहे. इथे करायचे काम असे: त्याला परत बसवावे आणि आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने विचार मनात पेरला जातो, ही समजूत निराधार आहे. विचार येत असेल तर योजना, साधन आणि आधीचा प्रयत्न यांविषयी विचारावे, आणि तो खोलीतून बाहेर पडण्याआधी सुपरव्हायझरना फोन लावावा. त्यांनी उचलला नाही तर करारात लिहिलेल्या दुसऱ्या व्यक्तीला लावावा. त्याच्यासोबत कोण राहणार, घरी कुणाला कळवायचे, मनोविकारतज्ज्ञांची भेट आजच लागेल का, हे सगळे दोघांनी मिळून ठरवायचे असते; एकट्या प्रशिक्षणार्थ्याने नव्हे. तातडीच्या वेळी ससून रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयाचा आकस्मिक विभाग आणि केंद्र शासनाची २०२२ पासून सुरू असलेली टेली-मानस हेल्पलाइन, क्रमांक १४४१६, हे दोन्ही माहीत असावेत. ही हेल्पलाइन मराठीतही बोलते.

अठरा वर्षांखालील मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास शिक्षेची तरतूद आहे. ‘मॅडमना विचारून सांगते’ हे तिथे पुरेसे कारण ठरत नाही. सुपरव्हायझरना त्याच दिवशी फोन करायचा तो कळवायचे की नाही हे ठरवण्यासाठी नाही, तर मुलाला विश्वासात घेऊन ते कसे करायचे, हे ठरवण्यासाठी.

ग्रुप सुपरव्हिजन

चार-पाच जणांच्या गटात दुसऱ्यांच्या केसमधून शिकायला मिळते, हा फायदा मोठा आहे. मात्र केस सादर न करणाऱ्यांनी सल्ले देत सुटण्याऐवजी ऐकताना स्वतःला काय वाटले एवढेच सांगितले तर सादर करणाऱ्याला जास्त मिळते. गोपनीयतेचा धोका इथे वाढतो. पुणे वाढले असले तरी ओळखीची वर्तुळे अजून लहान आहेत. ‘साताऱ्याकडचा, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतला, तिसऱ्यांदा मुख्य परीक्षेत अडकलेला, वडील शिक्षक’ एवढे म्हटले की गटातल्या कुणाच्या तरी भावाचा रूममेट डोळ्यांसमोर उभा राहतो. नाव गाळणे पुरत नाही. जिल्हा, परीक्षेची खेप आणि वडिलांचा पेशा बदलून टाकावेत. चर्चेला त्यांची गरज नसतेच. आणि कुणी क्लायंटला ओळखले तर त्याने लगेच सांगून खोलीबाहेर जावे, हा नियम गटाने पहिल्याच दिवशी करावा.

सुपरव्हिजन आणि स्वतःची थेरपी

आपल्या उदाहरणातल्या प्रशिक्षणार्थीचा भाऊ एमपीएससी करतो, हे सुपरव्हिजनमध्ये आणणे योग्यच आहे, कारण त्याचा त्या शांततेशी संबंध आहे. भावाच्या अपयशामुळे घरात जे चालले आहे, त्याबद्दलचा स्वतःचा अपराधीपणा आणि वडिलांशी झालेली भांडणे यांसाठी मात्र स्वतःचा वेगळा थेरपिस्ट असावा. मूल्यमापन करणाऱ्या व्यक्तीकडेच थेरपी घेणे दोघांनाही अडचणीत आणते.

तासानंतर

सुपरव्हिजन संपल्यावर दोनच गोष्टी लिहाव्यात: पुढच्या सेशनमध्ये मी नेमके काय वेगळे करून पाहणार आहे, आणि तसे करण्यात मला कशाची भीती वाटते. पुढच्या सुपरव्हिजनची सुरुवात याच कागदाने करावी. ठरवले ते केले का, क्लायंटकडून काय आले, केले नसेल तर काय आडवे आले. सुपरव्हायझरची सूचना सेशनमध्ये जशीच्या तशी म्हणून दाखवण्याचा मोह टाळावा. क्लायंटला दुसऱ्याचे वाक्य लगेच ओळखू येते. सूचनेमागचा हेतू लक्षात ठेवून ती आपल्या बोलीत आणावी, आणि क्लायंट वेगळ्याच विषयाने सुरुवात करत असेल तर ती त्या दिवसापुरती खिशातच ठेवावी.

दर दोन-तीन महिन्यांनी एका भेटीत केसेस बाजूला ठेवून सुपरव्हिजनबद्दलच बोलावे. काय उपयोगी पडते, काय नाही, कोणत्या प्रकारचे क्लायंट आपल्याकडे येतच नाहीत, हे पाहावे. व्यसनाची एकही केस झाली नसेल, तर १९८६ पासून पुण्यात या क्षेत्रात काम करणाऱ्या मुक्तांगणसारख्या ठिकाणी काय शिकता येईल याची चौकशी करण्याची हीच वेळ.

इंटर्नशिप संपण्याच्या निदान दीड-दोन महिने आधी निरोपाचा विषय सुपरव्हिजनमध्ये काढावा. क्लायंटला कधी सांगायचे, कुणाची थेरपी आपल्याबरोबरच संपणार, कोण दुसऱ्या थेरपिस्टकडे जाणार, नव्या थेरपिस्टला क्लायंटच्या संमतीने किती सांगायचे, फाइल कुणाच्या ताब्यात राहणार आणि आपल्या खासगी नोंदी कधी नष्ट करायच्या, हे प्रत्येक क्लायंटपुरते वेगळे ठरवावे लागते. तासांच्या नोंदवहीवर सही घेण्याचे काम शेवटच्या दिवसासाठी ठेवू नये. परीक्षांच्या धामधुमीत सुपरव्हायझर सुट्टीवर गेले की ती सही महिनाभर मिळत नाही, म्हणून दर महिन्याच्या शेवटच्या भेटीतच ती घेत जावी.